जावेचा तीळ आणि माझा

चिमे,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या यजमानांचा खोकला आणि तुझ्या सुनेची जीभ, तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. मला अक्षरओळख नाही हे तू जाणतेसच. नातीला सवड नाही, म्हणून लिहायला माझी धाकटी जाऊच बसली आहे. तक्रार तिच्याबद्दलच आहे, पण इलाज नाही. (लिहितेय. कंसातलं माझं. – जाऊ)

हिच्या पाठीवर एक तीळ आहे. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता तो वाढायला लागला, म्हणून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी दिव्याचं भिंग टेकवलं आणि शेजारच्या खोलीतून आणखी दोन डॉक्टर बोलावले. तिघं त्या तिळापुढे अशी वाकली, जशी मुलगी बघायला आली आहेत. आधी हिच्या केसांचं कौतुक, मग हिच्या जावयाचं, आता पाठीचंही. मीही गाल पुढे केला, तर ‘वयाचे डाग आहेत आजी’ म्हणून भिंग खाली ठेवलं. एवढ्या डागांत एकही लायकीचा नाही?

पुढे ऐक. आतल्या खोलीत एक मोठं यंत्र आहे. न कापता, न टोचता, नुसत्या उजेडाने कातडीच्या आतले थर पडद्यावर दाखवतं. तेही हिलाच. माझं डोकं फिरलं. हिच्या पर्समधली भुवयांची पेन्सिल काढली (न विचारता), मनगटावर चांगला टपोरा तीळ काढला आणि हिच्या आधी जाऊन खुर्चीत बसले. बाईंनी गार जेल लावलं, पडद्याकडे बघितलं, मग कापूस फिरवला. म्हणाल्या, “आजी, तुमचा तीळ कापसावर आलाय.” सगळे हसले. ही तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. (आलं होतं.) मग हिची पाळी. हिच्या पाठीचं चित्र ढगांवर ढग रचल्यासारखं दिसत होतं. माझ्या मनगटाचं कुणी जपूनही ठेवलं नाही.

तू माझी बाजू घेशील या भरवशावर इथे थांबते.

तुझी ताई

ता.क. मंगळवारी त्या तिळाचा तुकडा काढून तपासणार आहेत. तू सोमवारीच ये आणि घर बघ. मी दवाखान्यात बसणार. तिथला सगळा मान हिला एकटीला मिळू द्यायचा नाही.

आणखी ता.क. (चिमाताई, हे जाऊबाईंनी सांगितलेलं नाही. त्यांना वाचता येत नाही म्हणून लिहिते. त्या आतल्या खोलीच्या दाराशी माझे पाय उचलेनात. घरी चला म्हणत होते. तेव्हा त्यांनी पेन्सिल काढली. तुम्ही नक्की या. एवढं काय लिहितेस म्हणून विचारताहेत. पत्ता लिहितेय म्हटलं. म्हणतात, पत्त्याला रडायला काय झालं.)