ताईच्या रक्तातलं

६ मार्च

प्लेट आजही कोरी! बाटलीत ताईचं रक्त गढूळ झालंय. थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जंतूंच्या मण्यांसारख्या माळा स्पष्ट दिसतात. मग प्लेटच्या चपट्या डबीत खाद्यावर पेरले की का उगवत नाहीत? बाकीचे जंतू त्याच खाद्यावर, त्याच उबेत एका रात्रीत फोफावतात. यांचेच नखरे!

विभागाच्या बाई म्हणाल्या, "मेलेले असतील गं. औषध चालूच आहे ना."

मेलेले? मग ताप कोण आणतंय? वाढवून दाखवल्याशिवाय तो कुठल्या औषधाने मरतो ते तपासताच येत नाही. तोवर वरच्या वॉर्डात अंदाजपंचे चाललंय.

७ मार्च

वॉर्डात गेले. ओठ पांढरेफटक, तरी ताईने शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी माझी ओळख करून दिलीच — "ही आमची डबीवाली. घरात झुरळ दिसलं की पलंगावर चढते, आणि इथं जंतूंना जेवू घालते!" हसता हसता धाप लागली. भाऊजी पाठ चोळत राहिले. ताईला कोणी हसवलं की त्यांना हल्ली रागच येतो.

तिची एक झडप जन्मापासून अधू. आई गेल्यावर तसल्या हृदयानिशी मला कडेवर घेऊन जिने चढायची. आता त्याच झडपेवर हे ठाण मांडून बसलेत.

"सापडला का चोर?"

"दिसतो. हाती लागत नाही."

"तुझ्यावर गेलाय. जेवायला हाक मारली की गायब."

८ मार्च

डबा खाताना डोक्यात आलं — बाटलीत माणसाचं रक्त आहे म्हणून ते तिथे वाढतात. प्लेटमध्ये मेंढीचं. काहीतरी कमी पडतंय! काही जंतूंना एक जीवनसत्त्व स्वतःला बनवता येत नाही, दुसरा कोणी शेजारी सांडेल त्यावर जगतात.

घास तसाच टाकून उठले. नवी प्लेट. सगळीभर ताईचा नमुना, आणि मधोमध एका साध्या, धट्ट्याकट्ट्या जंतूची रेघ.

बाई — "मुद्दाम भेसळ करतेस?"

"हो."

९ मार्च

उगवले!!! रेघेच्या दोन्ही कडांना, टाचणीच्या टोकाएवढे. रेघेपासून लांब एकही नाही. शेजार हवा म्हणून अडून बसले होते!

बाईंनी प्लेट उजेडात तिरकी धरली. मग — "अगं बघतेस काय, औषधांची चाचणी लाव!"

आपल्या सगळ्यांच्या तोंडात राहणारा जंतू. एरवी अगदी गरीब.

११ मार्च

चालू औषधाला तो मुळीच दाद देत नाही. दुसऱ्याने मरतो. लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत वर गेले. डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं.

१३ मार्च

ताप उतरला. ताईने स्वतःच्या हाताने चार घास खाल्ले. घरी गेल्यावर पडदे बदलणार म्हणे — "ते करडे नकोत. मी काही आजारी नाहीये."

१५ मार्च

ताई गेली.

१९ मार्च

लिहायचं नव्हतं. पण बोलू कोणाशी?

औषध लागू पडलं होतं. जंतूंनी झडपेवर बांधलेल्या गाठीचा एक तुकडा मात्र सुटला, मेंदूत जाऊन अडकला. चष्मा कुठे ठेवलाय ते ती भाऊजींना सांगत होती. "टेबलाच्या —" म्हणाली, आणि हात खाली लोंबला. मी तेव्हा प्लेटाच बघत होते. खाली. तिच्याच.

२४ मार्च

कामावर गेले. जंतू उबेत ठेवायचा इनक्युबेटर उघडला. आहेत. मजेत आहेत.

बाई हळूच म्हणाल्या, "मी टाकते. तू नको."

मीच टाकल्या, उकळत्या वाफेच्या भांड्यात. राग आणून बघितला, येईना. कोण ताई, कुठली ताई — त्यांना काय ठाऊक! मीच भरवलं होतं त्यांना.

दुपारी नमुने घेतले. दुसऱ्या कोणाचं तरी रक्त. हात आपोआप चालतो.

२ एप्रिल

भाऊजी आले. चहा केला, समोर निवत पडला. मग म्हणाले, "एक विचारतो, खरं सांग. ताप यायच्या आधी तिची दाढ काढली होती. ती नकोच म्हणत होती, गोळीवर भागेल म्हणाली. रात्र रात्र कण्हायची, मला बघवेना. मीच हाताला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, जंतू तोंडातला होता. म्हणजे —"

तिथूनच रक्तात उतरला असणार. ऐकताक्षणी मला कळलं.

"नाही भाऊजी. दाढेचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"मी वाढवलाय तो. मला नाही कळणार?"

भाऊजी तोंडावर रुमाल धरून खूप रडले. मग तो गार चहा सगळा प्यायले.