टाळ्या वाजल्या की हात खाली

बरका, शनिवार

मधुवंतीताई, सलाम.

नूरैनचे दंड अजून दुखतात. तेल चोळता चोळताच तुमचा मेसेज वाचला. मराठी मंडळाच्या पुढच्या नाटकातही माझी पोर हवी म्हणता. "येतो, इन्शाल्ला" एवढंच कळवीन. बाकीचं हे असं लिहून ठेवते, पाठवायचं नाही.

आठ शुक्रवार आम्ही मायलेकी बरकाहून तुमच्याकडे बौशरला तालमीला आलो. मंडळाच्या मुलांना वाक्यं मिळाली, आमच्या विशेष मुलांच्या केंद्रातली सगळी हात वर धरून उभी झाडं झाली. तक्रार नाही. ऐकू न येणाऱ्या पोरीला वाक्य काय देणार? पण तुम्ही सगळ्या झाडांना एकच सांगितलंत, "टाळ्या वाजल्या की हात खाली." मीच ते नूरैनला खुणांनी समजावलं. माझ्याही डोक्यात आलं नाही.

परवा नाटक संपलं. बाकीची झाडं हात सोडून हसायला लागली. नूरैन सगळ्यांच्या पुढे, समोर बघत तशीच उभी. समोरच्या अंधारातल्या टाळ्या तिला दिसणार कशा? हात थरथरत होते. लोकांना वाटलं, काय चिकाटी! उभे राहून आणखी वाजवायला लागले. तुम्ही रडलात. ग्रुपवर फोटोही तोच टाकलात.

मी पहिल्याच रांगेत होते, स्टेजच्या उजेडापासून दोन पावलांवर. उजेडात जाऊन खूण केली असती तर तिला दिसली असती. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्या लेकीसाठी टाळ्या वाजवत होतं. तिच्याशी बोलायला माझ्याकडे हे दोन हातच आहेत, ताई. तेही टाळ्याच वाजवत होते.

नूरैनची आई,
कुबरा