बालतेजचा डबा

मुंबई, ता. १६ ऑक्टोबर १९२४

ती. गौराबायस नवसूचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला जव्हारात तुझ्या रामीचा फोटो काढला होता ना, त्याची जाहिरात तयार झाली. नमुना सोबत आहे. रामी कशी गुबगुबीत, आणि तुझ्या हातात आमच्या सेठचा ‘बालतेज पिठा’चा डबा! आषाढात मीच धाडलेला. आजवर विलायती पोरांची चित्रं हाताळणारे कारकून आपल्या पोशेरा गावच्या पोरीकडे टकामका बघतात. माझी तर छाती फुगली आहे. दिवाळीनंतर हजारो प्रती निघतील, आणि जाहिरातींना खळ लावणारा हा तुझा भाऊ चित्रखात्यात खुर्चीवर बसेल. सेठने तसा शब्दच दिला आहे.

खालचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घे. रामीचा मुका घे. उत्तराची वाट पाहतो.

तुझा नवसू

पोशेरा, ता. २४ ऑक्टोबर १९२४

चि. नवसूस गौराचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि माझा दीर लहान्या लिहितो आहे. ‘ही बालिका केवळ बालतेजवर पोसली’ असं त्यानं वाचलं, आणि मी हातातलं सूप टाकून उठले. अरे, तुझा डबा मी अजून उघडलेला नाही! नवं अन्न देवाला दाखवल्याशिवाय आपल्या घरात कुणी तोंडात घालत नाही, हे मुंबईला जाऊन विसरलास? भगताला विचारलं, तर तो म्हणाला, की शेत कुणाचं, कणीस कसलं हे ठाऊक नसता देवाला सांगू तरी काय. म्हणून डबा फळीवरच राहिला. फोटोला धर म्हणालास, तेव्हा भावाची भेट म्हणून मिरवत धरला.

रामी पोसली माझ्या नागलीवर. मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं, फडक्यातून गाळायचं आणि पेज करायची. हात भरून येतात रे! ते श्रेय मी डब्याला देणार नाही. तुझी खुर्ची जाईल, त्याचं फार वाईट वाटतं. पण हे वाचून कुणा आईनं पोराची पेज बंद केली तर? आपली आई गेल्यावर तुलाही मी याच पेजेवर वाढवलं.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

गौरा

मुंबई, ता. ३ नोव्हेंबर १९२४

ती. गौराबायस शि. सा. न.

तुझं पत्र सेठना जसंच्या तसं वाचून दाखवलं. जाहिरातीत एवढं चालतंच, असं ते म्हणाले. माझ्या भाचीच्या नावावर चालणार नाही, असं मी म्हणालो. जाहिरात रद्द झाली, त्या जागी पुन्हा विलायती पोर आलं, आणि मी खळीच्या बादलीपाशी परत आलो. पण मान ताठ आहे, बाय. एका कारकुनाच्या घरी तान्हं आहे. नागलीला मोड किती दिवसांत येतात, असं तो हळूच विचारून गेला. तेवढं कळव.

फोटो सोबत धाडतो. त्यातला डबा कातरीनं कापून टाकला. त्याबरोबर तुझी बोटंही गेली, त्याची माफी कर. रामी मात्र अख्खी आहे.

ममता असू दे.

तुझ्या पेजेवर वाढलेला,
नवसू