काळं मेटल, बारा इंची

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही. ही कोणाला दाखवायची नाही. बायकोला, यशोधरालाही नाही. (तिने मागितलेली नाही, पण आधीच ठरवलेलं बरं.)

काल लोणावळ्यात एका कॅफेत 'रॉक नाइट' होती. गेलो. एक दाढीवाला, एक गिटार, तीन प्रेमगीतं. चौथ्याला लोकांनी मोबाइलचे दिवे हलवले. मी जवळ जाऊन विचारलं की जरा जड काही वाजवता का. त्याने विचारलं, सर, आज तुमचा बर्थडे आहे का? किळस आली. सँडविच अर्धं टाकून निघालो.

संकल्प: मेटल आणि गॉथिक रॉक मिळून जगातले दहा सर्वोत्तम अल्बम, क्रमवार, कारणांसहित. हे काम करू शकेल असा मावळ तालुक्यात माझ्याशिवाय माणूस नाही. महिनाभरात पूर्ण.

६ जानेवारी

डेपोतून आल्यावर यादीला बसलो. नियम केले. कीबोर्ड असलेला अल्बम बाद. बासरी असलेला बाद. ज्याच्या मुखपृष्ठावर बँडवाले हसतायत तो बाद.

रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याकडच्या २१४ रेकॉर्डपैकी १९० बाद. काम झपाट्याने चाललं आहे.

९ जानेवारी

'हॉलो बिशप'चा 'नाइन विंडोज' दहाव्या नंबरवर. नाइलाज म्हणून. पहिल्या सहा खिडक्या, म्हणजे गाणी, ठीक, सातव्या खिडकीतून कीबोर्ड आत येतो. मटणाच्या रश्श्यात साखर. नियमाने बाद व्हायला हवा, पण मग नऊच उरतात.

नववा 'ऑक्टोबर विडोज'. गायक पाण्याच्या टाकीत उतरून बोलल्यासारखा गातो. उत्तम. पण चौथ्या अल्बमच्या वेळी त्याचं लग्न झालं आणि तो खूश झाला. खूश माणसाने गॉथिक गाऊ नये. हे मी यशोधराला म्हणालो. ती म्हणाली, मग तू गायला हरकत नाही. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

११ जानेवारी

मोठी बातमी. पुण्यात संगीतावरची एक वेबसाइट आहे, तिच्या संपादक अनघा मॅडम. मी त्यांना लेख पाठवला होता, 'मेटलची अधोगती', अकरा हजार शब्द. उत्तर आलं. लेख छापत नाही म्हणाल्या. पण तुमच्या रागात मजा आहे, म्हणाल्या. (राग नाही, ते निकष आहेत.) तुमच्या भागात हे कोणी ऐकतं का, असं विचारलं. तीस माणसं जमवून दाखवा, मी स्वतः येते, जमलं तर दर महिन्याला तुमच्या नावाचा कॉलम.

माझ्या नावाचा कॉलम. बावीस वर्षं मी मासिकांना लिहितो आहे आणि माझं एक अक्षर कुठे छापून आलेलं नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. मला तो कॉलम पाहिजे. नोकरीत प्रमोशन हुकलं तेव्हाही इतकं काही पाहिजे झालं नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारचे पाचजण येऊन गोड बोला म्हणून गेले. पाचांनाही कार्यक्रमाला बोलावलं. पाचांनाही त्या दिवशी काम आहे. मी तारीख सांगितली नव्हती.

१८ जानेवारी

हॉल ठरला. कामशेतमधलाच, हळदीकुंकवाला देतात तो. रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी ११.

आता जाहिरात. फ्लेक्सवाला पवन. त्याला मजकूर दिला: 'मावळात प्रथमच! हेवी मेटल! दहा उत्कृष्ट प्रकार! सर्वांसाठी प्रवेश मोफत!' खाली 'सत्यम ओव्हाळ' आणि मोबाइल नंबर. काळी पार्श्वभूमी आणि दगडी थडगी हवीत, म्हणालो. पवन म्हणाला, थडगी नको भाऊ, फाट्यावर लावायचाय, लोक नावं ठेवतील, नुसते दगड टाकतो. टाकले. काळ्या दगडांचा एक ढीग, मागे आभाळ. खरं सांगायचं तर थडग्यांपेक्षा सरस. निर्जन, गंभीर. 'प्रवेश' शब्द मावत नव्हता म्हणून काढला आणि 'मोफत' मोठं केलं. शाळा शिकलेल्या माणसाला तेवढं कळतं.

संध्याकाळी टाकवे फाट्यावर लावला.

२० जानेवारी

अकरा फोन! एका दिवसात!

मी या तालुक्याबद्दल इतकी वर्षं जे बोललो त्यातलं थोडं मागे घेतो. सगळं नाही.

एकजण फोनवर म्हणाला, माणशी एक ब्रास का दोन? मी स्पष्ट सांगितलं, माझ्याकडे ब्रास अजिबात नाही. ब्रास बँडची जागा वरातीत. तो म्हणाला, अर्धा तरी? मी म्हणालो, एक ट्रंपेटसुद्धा मिळणार नाही. तो जरा गोंधळला. शुद्धतेची सवय नसते लोकांना.

२२ जानेवारी

वडिवळ्याचे मारुती म्हणून एक शेतकरी. म्हणाले, काळं मेटल हाय का? मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ब्लॅक मेटल! वडिवळ्यात! आहे म्हणालो, अस्सल काळं आहे. काळंच चांगलं, म्हणाले, पांढुरकं लगेच फुटतं. किती नेमकं निरीक्षण. अमेरिकेतले गोरे बँड दोन अल्बममध्ये फुटतात हे मी २००९ पासून लिहितो आहे.

मग त्यांनी विचारलं, किती इंची? म्हणजे रेकॉर्ड एलपी का सिंगल. बारा इंची, मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, बारा इंची म्हंजी सोलिंगच की. सोलिंग हा बँड मला माहीत नाही. नॉर्वेचा असावा. रात्रभर शोधला, सापडला नाही. इतका दुर्मिळ बँड ऐकणारा माणूस धरणाच्या कडेला भात लावतो आणि मी त्याला ओळखत नव्हतो, याची लाज वाटली.

२५ जानेवारी

अठ्ठावीस झाले. आज एकाने विचारलं, धूळ लय न्हाई ना? मी म्हणालो, रोज सकाळी एकेक काढून मऊ ब्रशने पुसतो. मग म्हणाला, एकेक? हो, म्हणालो. येतो म्हणाला, पोरांनाबी आणतो, बघू द्या.

अनघा मॅडमना कळवलं. त्या नक्की येणार.

२६ जानेवारी

यशोधराने तिच्या शाळेतल्या झेंडावंदनाहून येताना बसमधून फ्लेक्स बघितला. घरी येऊन सोफ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. खांदे हलत होते. इतक्या वर्षांनी नवऱ्याचं नाव फाट्यावर लागलेलं बघून कोणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. नंतर म्हणाली, सत्यम, एकदा त्या लोकांना विचार ना, नक्की कशासाठी येतायत. मी म्हणालो, रसिकाला कारण विचारत नाहीत. ती परत आत जाऊन रडली.

३० जानेवारी

यादी पक्की. पहिला नंबर 'मोर्नवेल'चा 'सॉल्ट फॉर द ब्राइड'. अपेक्षितच होतं. दुसरा नंबर कोणालाच देत नाही, तेवढी कोणाची लायकी नाही. म्हणजे अल्बम नऊच. भाषणात कोणी मोजणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार

काय लिहू.

अकराला चौतीस माणसं होती. हे खरं आहे, मी दोनदा मोजली. बाहेर पाच ट्रॅक्टर, ट्रॉल्यांसकट. मला वाटलं, वाहतुकीची सोय नाही म्हणून गावंच्या गावं ट्रॉलीत बसून आली. डोळे भरून आले. अनघा मॅडम मागच्या खुर्चीत वही काढून बसल्या. त्यांनी एकदा ट्रॅक्टरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

चाळीस मिनिटं बोललो. कोणी हललं नाही. मग 'सॉल्ट फॉर द ब्राइड'ची पहिली बाजू लावली, पूर्ण आवाजात. तेवीस मिनिटं. लोक टोप्या सावरून ऐकत होते. सुई उचलली तेव्हा मारुती भाऊ उठले. मला वाटलं, आता सोलिंगबद्दल बोलतील.

"भाऊ, गाणी झाली. आता मेटल कुटं हाय त्ये दावा."

मी म्हणालो, हेच मेटल.

"ह्ये? आन खडी?"

खडी. रस्त्याला टाकतात ती. घराच्या पायाला टाकतात ती. अख्खा मावळ तिला मेटल म्हणतो, क्रशरच्या पाट्यांवर तेच लिहिलेलं असतं, मी रोज त्या पाट्यांवरून जातो. ब्रास म्हणजे खडी मोजायचं माप. सोलिंग म्हणजे खाली रचायचा मोठा दगड. आणि फ्लेक्सवर दगडांचा ढीग, शेजारी 'मोफत'.

मारुती भाऊंच्या घरापर्यंतच्या रस्त्याला खडी हवी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, आसू द्या, चूक समद्यांकडूनच हुती. बाकीचे हसत हसत ट्रॅक्टर घेऊन गेले. एकाने जाता जाता मला विचारलं, आन त्या एकेक पुसायच्या त्या ह्या व्हय? हो म्हणालो. त्याने पोरांना त्या रेकॉर्ड दाखवल्या.

अनघा मॅडम खुर्चीवर वाकून हसत होत्या. मी कॉलम मनातल्या मनात पुरला.

एकच माणूस बसून राहिला. टाकव्याचे दत्तोबा आबा, सत्तरीचे. भाच्याच्या ट्रॉलीत आले होते, भाचा पंपावर डिझेल भरून येणार होता. क्रशरवर आयुष्य गेलं, त्यामुळे कानांनी कमी ऐकू येतं. मी आवराआवर करत असताना त्यांनी विचारलं, शेवटलं परत लावतू का? लावलं. त्यांनी स्पीकरवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. संपल्यावर मॅडमना म्हणाले,

"तीस वरसं क्रशरवर काढली मी. जबड्यात मोटा धोंडा आडकला का मशिन आसं वरडतं. तवा समदी गप हुत्यात, कुनी कुनाकडं बघत न्हाई. ह्या गानाऱ्या गड्यानं त्ये बघितलंय."

मॅडम हसायच्या थांबल्या. ते वहीत लिहून घेतलं. माझ्या चाळीस मिनिटांतलं त्यांनी काय लिहिलं हे मी लांबून बघायचा प्रयत्न केला. चित्र काढलं होतं, ट्रॅक्टरचं.

४ फेब्रुवारी

मेल आली. कॉलम मंजूर.

दत्तोबा आबांचा.

नाव 'स्पीकरवर हात'. आबांना लिहिता येत नाही, तेव्हा मी दर रविवारी रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन टाकव्याला जायचं, आबा बोलतील ते जसंच्या तसं उतरवून पाठवायचं. खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन: सत्यम ओव्हाळ' येईल. 'कृपया आपली मतं मिसळू नयेत', ही ओळ ठळक केली आहे.

किळस. अर्धा बहिरा माणूस. त्याला मोर्नवेलची पहिली तीन रेकॉर्डिंग्ज माहीत नाहीत. त्याला बँडचं नाव घेता येत नाही. नकाराचं पत्र लिहिलं, चौदा मुद्दे.

५ फेब्रुवारी

पाठवलं नाही. तत्त्वासाठी माघार घेतो आहे. कोणीतरी तिथे उच्चार तरी नीट लिहायला हवेत. यशोधरा म्हणाली, जा. एवढंच म्हणाली, आणि या वेळी रडली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

टाकवे. आबांच्या ओटीवर प्लेअर मांडून 'नाइन विंडोज' वाजवायला घेतला. त्यांच्या पत्नी रतनबाईंनी चहा दिला आणि विचारलं, ह्ये दुरुस्त व्हत न्हाई का?

आबा बोलत गेले. मी उतरवून घेतलं. सातव्या खिडकीला कीबोर्ड आला तेव्हा मी कान बंद केले. आबा म्हणाले, लिव, हितं दम खायला जागा ठिवलीय, लय बरं वाटलं. लिहिलं. रागाने पेन कागदात रुतलं. पण लिहिलं.

मग प्लेअर बंद केला तर आबा म्हणाले,

"माझं झालं. तुला कुटला आवडतू?"

मी म्हणालो, 'सॉल्ट फॉर द ब्राइड'. का, म्हणाले. मी सांगायला लागलो. 'विडोज'चा गायक खूश झाला, 'बिशप'ने कीबोर्ड घेतला, अमेरिकेतले फुटले, बाकी सगळे विकले गेले. बराच वेळ सांगितलं. आबा कानाला हात लावून नीट ऐकत होते. संपल्यावर म्हणाले,

"ह्ये बाकीच्यांचं झालं. त्यो का आवडतू?"

असा प्रश्न टीकाकाराला विचारत नाहीत, असं सांगणार होतो. पण बावीस वर्षांत मला हा कोणीच विचारला नव्हता, आणि ते खरंच उत्तराची वाट बघत होते. विचार करून सांगतो म्हणालो. ते बरं म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

आता घरी आहे. संध्याकाळचे सात. 'आवडण्याची कारणं' असं वर लिहून खाली एक ते दहा आकडे टाकले. मग एक ते पाच केले. अल्बम दोनदा ऐकला. यशोधरा येऊन शेजारी बसली, तिसऱ्यांदा तिच्याबरोबर ऐकला.

पहिल्या आकड्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.