नाव घातलेला डबा

शिरड शहापूर,
बुधवार, १० जून २०२६

सौ. चतुराबाई विहीणबाईंना मंजुषाचा नमस्कार.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्याकडेही सगळे ठीक असतील. उकंडराव व्याह्यांचा गुडघा आता कसा आहे? मृग लागला, तेव्हा तुमच्याकडे पेरणीची धांदल सुरू झाली असेल. आमच्याकडे पेरायला काही नाही. आम्ही आभाळाकडे बघतो ते कपडे वाळतील का, एवढ्यापुरतंच.

तुम्हाला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुम्ही कट केला. चौथ्यांदा करणार होते, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फोनवर तुजी जीभ लई चालते. काय सांगायचं ते लिहून दे, मी नेऊन देतो." म्हणून लिहायला बसले. पत्र आणि पिशवी दोन्ही यांच्या हाती पाठवत आहे. पिशवी आधी उघडू नका. हे तुमच्या ओसरीवर बसतील. त्यांना चहा नाही दिला तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

सृष्टी इथे येऊन आज अकरा दिवस झाले. गल्लीत बाया विचारतात, "काहून इतके दिस ऱ्हायली?" मी सांगते, अधिक महिना आहे, लेक माहेरी आलीय, त्यात काय. अधिक महिन्यात लेक माहेरी दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. पण सोमवारी महिना संपतो. मग मी काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "तुज्या आईच्या घरात डाळ न्हाई का?" त्याचं उत्तर तिच्याऐवजी मी देते. होती. एक किलो होती.

तुमच्याकडे डाळ पोत्यात असते, शेतातून कोठीत येते. तुम्हाला तिचा भाव विकताना कळतो, आम्हाला विकत घेताना. यांच्या शिलाईचा दर दोन वर्षांत एकदाच वाढला, तेवढ्यात चार गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे गेली. तेल मात्र कुणाला विचारून वाढत नाही. माझ्या तेलाच्या बरणीला एक लाल दोरा बांधलेला आहे, यांच्याच मशीनवरचा. बाजाराच्या दिवसाआधी तेल त्या दोऱ्याखाली जाऊ द्यायचं नाही, हा माझ्या घरचा कायदा. गेलंच तर उरलेले दिवस ताकातलं पिठलं, बिनफोडणीचं. गल्लीतल्या आम्ही पाच जणी मिळून तेलाचा मोठा डबा आणतो आणि माझ्या ओट्यावर मापून वाटून घेतो. भांडतो, पण थेंबभरही सांडत नाही. उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याच्या चिंचा फोडल्या. बोटं काळी झाली, पण दोन महिन्यांचा किराणा निघाला. मला याची काडीची लाज वाटत नाही. उलट तुमच्या कोठीत मला एकदा सोडा, तीन वर्षं काढून दाखवते.

तर धोंड्याच्या जेवणाला हरीशराव धरून घरची चार माणसं येतील, असा तुमचा निरोप होता. आदल्या दिवशी चाराचे अकरा झाले. येऊ देत, माणसं आपलीच आहेत. पण अकरा माणसांचं पुरण एका किलोत होत नाही. मी त्यात उकडलेला लाल भोपळा मिसळायचं ठरवलं होतं. गूळ थोडा चढता ठेवला, जायफळ किसून घातलं की कळत नाही. होळीला तुम्हाला ज्या पोळ्या पाठवल्या आणि ज्यांचं तुम्ही फोनवर कौतुक केलंत, त्यातही भोपळाच होता. हेही आता सांगून टाकते.

सृष्टी आदल्या दुपारीच आली. पिशवीतून तिनं पाच किलोचा स्टीलचा डबा काढला, काठोकाठ हरभऱ्याच्या डाळीनं भरलेला. म्हणाली, "सासूबाईनं दिली, आई." मी म्हणाले, बरं झालं. लेकीनं सांगितलं ते मी खरं धरलं. मला काय माहीत कुणाला विचारून आणली आणि कुणाला न विचारता.

चार दिवस हे पत्र मनात लिहीत होते, ते याच वाक्यावर संपत होतं. पण ते वाक्य खोटं आहे, विहीणबाई.

डाळ निवडायला परातीत ओतत होते, तर हाताला बाटली लागली. तुपाची. राजीखुशीनं देणारं माणूस तुपाची बाटली डाळीत पुरून देत नाही. मला तिथल्या तिथे कळलं. सृष्टीनं माझ्याकडे बघितलं, मी परातीकडे बघितलं. तेव्हाच डबा बंद करून तिला म्हणायला हवं होतं की उठ, परत नेऊन दे. मी तसं म्हणाले नाही. मी डाळ निवडली, शिजवली, वाटली आणि तुमच्या अकरा माणसांना वाढली. आणली तिनं, घेतली मी. तुम्हाला कुणाला चोर म्हणायचंच असेल तर माझं नाव घ्या. मला ऐकून घ्यायची सवय आहे. तिला अजून तुमच्या घरात आयुष्य काढायचं आहे.

हरीशरावांच्या ताटात रीतीप्रमाणे पुरणाचे तेहतीस धोंडे ठेवले. "मामी, एकदम मायच्या हातासारखे झालेत," म्हणाले. होणारच. डाळ मायची, तूप मायचं.

मग त्यांची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली आणि ते हसायलाच लागले. "अवो, हा तर आमचा डबा! लहानपणी आजोळला जाताना एसटीत माझ्याच मांडीवर ऱ्हायचा. लई जड. पायाला मुंग्या यायच्या. माय म्हणायची, काय नेऊन राहिलो ते बाबाला सांगायचं न्हाई. येताना हलका असायचा, पण रिकामा न्हाई बरं का. आजी त्याच्यात चिंचा भरून द्यायची."

सगळे हसले. तुमचे दीर हसले, मुलं हसली, मग कढी वाढा, भजी वाढा म्हणून गोंधळ झाला आणि सगळे विसरले. मी नाही विसरले. मी भज्यांची परात हातात धरून तशीच उभी होते.

तुमच्या आईच्या घरी त्या काळी काय होतं नि काय नव्हतं, ते मी विचारणार नाही. कुणाजवळ बोलणारही नाही. धमकी द्यायला हे लिहिलेलं नाही, तसं वाटलं तर वाटू द्या. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या एसटीत तुम्ही जशा डब्यावर पदर ओढून बसत असाल, तशीच माझी सृष्टीही बसली असेल. आणि ती तर एकटीच आली होती.

आता चूक कशी उघडी पडली ते बघा. सृष्टीला घेऊन पाहुणे निघाले तेव्हा उरलेले धोंडे बांधून द्यायचे होते. प्लास्टिकची पिशवी होती, केळीचं पान होतं. पण कुणाचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, तुम्हीही करत नाही. हात आपोआप त्या डब्याकडे गेला. एकवीस धोंडे बसले. झाकण लावताना त्यावर घातलेलं नावसुद्धा मी वाचलं, 'चि. हरीशच्या बारशाला, आजीकडून'. वाचूनही डोक्यात उजेड पडला नाही. तुमच्या कोठीत असले डबे ओळीनं उभे आहेत, एक कमी झालेला तुम्हाला दिवाळीपर्यंत कळला नसता. मीच तो भरून तुमच्या दारात पाठवला. या गोष्टीवर मी एकदा एकटीच बसून हसले आणि मग रडले.

पुढचं सृष्टीनं सांगितलं, तेही तीन दिवसांनी, तुकड्यातुकड्यानं. तुम्ही सगळ्यांसमोर डबा मांडला. "आमचं घर रिकामं करून आईचं भरून राहिली का?" म्हणालात. कोठीची किल्ली तिच्याकडून काढून घेतलीत. हरीशराव खाली मान घालून बसले. तीस तारखेच्या शनिवारी त्यांनी तिला गाडीवर आणून दारात सोडलं, गाडी बंदसुद्धा केली नाही. जो माणूस माझ्या घरी तेहतीस धोंड्यांपुढे बसला होता, त्याला उंबऱ्याच्या आत यायला वेळ नव्हता. त्यांनाही हे वाचून दाखवा. आणि सृष्टीच्या हातात तोच डबा होता. रिकामा. "आईला म्हणावं, हाही ठेवून घे," असा तुमचा निरोप.

डाळीवरून काय बोलायचं ते बोला, तो तुमचा हक्क आहे. पण सुनेच्या हाती रिकामा डबा देऊन तिला माहेरी पाठवायचं? त्याचा मला राग आला. अजून आहे, लिहिताना पेन कागदात रुततंय ते तुम्हाला दिसेलच.

ती इथे एकच भाकरी खाते. दुसरी वाढली की "भूक न्हाई" म्हणते. गेल्या आठवड्यात मी बाहेरून आले तर ती तेलाच्या बरणीपुढे उकिडवी बसून लाल दोरा बघत होती. तिच्यामुळे तेल दोऱ्याखाली जाईल का, हे बघत होती. माझ्या पोटची पोर माझ्याच घरात स्वतःला पाहुण्यासारखं मोजते आहे. मी तिथल्या तिथे तो दोरा तोडून टाकला आणि तिच्या भाकरीवर चांगलं पळीभर तेल ओतलं, वर चटणी टाकली. पुढचे चार दिवस पिठलं खाल्लं. खाऊ. पिठल्यानं कुणी मेलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, "तिनं मागितलं का नाही? मागितलं असतं तर मी दिलं नसतं का?" दिलं असतंत. तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. तिच्या तापात तुम्ही चार रात्री तिच्या उशाशी बसलात, ते ती अजून सांगते. पण मागायचं म्हणजे माहेरची तकलीफ सांगावी लागली असती, आणि ते मी तिला बजावून ठेवलं होतं. सुपारी फुटली तेव्हा तुम्ही आमचं कसं चालतं ते विचारलं होतं. मी मान ताठ करून म्हणाले होते, आम्हाला काही कमी नाही. पाठवणीच्या वेळी सगळ्या आया लेकीच्या कानात आशीर्वाद देतात. मी सांगितलं, इकडचं कमीजास्त तिकडे बोलायचं नाही. तिनं माझा शब्द पाळला, म्हणून तिला न मागता न्यावं लागलं. तिची चूक आहेच. पण तिला तोंड बंद ठेवायला मी शिकवलं.

आता मी माझं तोंड उघडते. आम्हाला कमी आहे. डाळ कमी आहे, तेल कमी आहे, तूप सणापुरतंही पुरत नाही. हे मी तुम्हाला लिहून दिलं आहे, हवं तर चावडीवर वाचा. आमच्याकडे कमी आहे म्हणून माझी लेक मान खाली घालून जगणार नाही.

आता पिशवी उघडा.

वर तुपाची बाटली आहे, अर्धी उरली होती. डाळ परत करत नाही. ती तुमच्या अकरा माणसांनी खाल्ली आणि वर ढेकर दिले, म्हणजे तुमची डाळ तुमच्याच घरी आली. खाली डबा आहे. तो रिकामा नाही. त्यात चिंचा आहेत. माझ्या हातानं फोडलेल्या, चिंचोके काढून मीठ लावलेल्या. तुमची आई भरून द्यायची, तेवढ्याच वजनाच्या असतील.

सोमवारी अवस आहे. त्याच्या आत तुम्ही स्वतः या. हरीशरावांना एकट्याला पाठवाल तर मी त्यांना चहा देईन आणि परत पाठवीन. येताना कोठीची किल्ली आणा आणि ती माझ्यासमोर सृष्टीच्या हातात द्या. मी त्या दिवशी भोपळ्याचे धोंडे करीन आणि भोपळ्याचे म्हणूनच वाढीन. तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना येईल, तोवर भाव कुठे जातील देव जाणे, पण तेव्हाही जे परवडेल तेच करीन आणि काय घातलंय ते सांगून वाढीन.

डबाही सोबत आणा. रिकामा आणलात तरी चालेल. जाताना तो तुमच्या सुनेच्या मांडीवर असेल, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसलेल्या असाल.

उकंडरावांना नमस्कार सांगा.

तुमच्या डब्यातली डाळ जिनं ओळखून शिजवली, ती तुमची विहीण,
मंजुषा