लाडू कुणाच्या हातचे

३ नोव्हेंबर, सोमवार
यशोधराचीच निवड झाली! लोणावळ्याच्या हॉटेलात आता तिचे नाचणीचे लाडू जाणार. आमच्या कान्ह्याच्या केंद्रात खाद्यपदार्थांचा कोर्स दोघींनी बरोबरच केला, एकाच शेगडीवर. माझ्या लाडवांत काय कमी होतं? अमृता मॅडम म्हणाल्या, अपेक्षा, तू भाजताना घाई करतेस.
टाळ्या सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. तळहात अजून चुरचुरतायत.

५ नोव्हेंबर
ती आज नवीन चपला घालून आली. मी पाहिल्या नाहीत असं दाखवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
सुरजनं तिचे लाडू विकत आणले — माझ्या नवऱ्यानं! म्हणे, सोमाटण्याला कंपनीतल्या मित्रांनी मागवलेत. एक माझ्यापुढं धरला. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तो बाहेर गेल्यावर खाल्ला. चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर
आज दत्तोबा केंद्रात आले. गावातलं मोठं घर. त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. नातवाच्या बारशाला लाडू हवे होते. मॅडम बाहेर गेलेल्या, काउंटरवर मी एकटी. त्यांनी नमुन्याचा लाडू खाल्ला, मान डोलावली, दुसरा उचलला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "ह्ये कुणाच्या हातचं गं पोरी?"
ते काय विचारतायत ते कळलं मला. गावात कुणालाही कळतं. मी 'केंद्राचे' एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. मॅडमनी तेच सांगायला शिकवलंय.
मी म्हणाले, "यशोधराचे. बौद्धवाडीतली."
त्यांनी हातातला लाडू ताटलीत ठेवला. अगदी अलगद. "तू करशील का? आपलं घरचं मानूस बरं."
करीन म्हणाले.
खोटं तर बोलले नाही ना!

१२ नोव्हेंबर
सासूबाईंना सांगितलं, दत्तोबांची ऑर्डर मला मिळाली. शेजारच्या शकुबाईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, सून गुणाची हाय माझी. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑर्डर मोठी, म्हणून मॅडमनी सगळ्यांना कामाला लावलं. दत्तोबा काय बोलले ते मी त्यांना सांगितलेलंच नाही. फक्त, माझ्या नावानं ऑर्डर आहे, एवढंच.
यशोधरा सगळ्यांच्या आधी आलेली. तिला म्हणाले, तू हॉटेलचं बघ, इथलं मी करते. तिनं मोठी कढई ओढली आणि पीठ भाजायला उभी राहिली. दुपारी जेवायलाही तिथून हलली नाही. मी गूळ चिरला, लाडू वळले. सगळ्या बायका तिच्याशीच बोलत होत्या. माझ्या ऑर्डरीवर! घामानं निथळत होती, तरी किती छान दिसत होती. तेही बघवेना.

२३ नोव्हेंबर, रविवार
बारसं थाटात झालं. लाडू पुरले नाहीत. म्हातारी माणसंसुद्धा दुसऱ्यांदा मागत होती. दत्तोबांनी चारचौघांत माझं नाव घेतलं. बायका कृती विचारायला आल्या. एकजण म्हणाली, भाजलंय किती छान! मी हसले. दुसरीही तेच म्हणाली. तेव्हाही हसले.
इतके दिवस हेच हवं होतं. घरी येऊन जेवले नाही.

२४ नोव्हेंबर
केंद्राला कुलूप लावताना यशोधरा थांबली. म्हणाली, "दत्तोबा आलते त्या दिवशी मी मागच्या खोलीत भांडी घासत होते. समदं ऐकलं मी."
कसंबसं विचारलं, मग भाजायला का आलीस?
"गावानं खावं म्हणून. खाल्लं ना?" तिचा आवाज जराही चढला नाही. "आता कुणी भाजलं ते तू जाऊन सांग. मी सांगितलं तर म्हणतील, भांडायला आली."
एवढं बोलून निघून गेली. वळून पाहिलं नाही.

२५ नोव्हेंबर
दत्तोबांकडं जाऊन सांगून आले, भाजलं यशोधरानं. ओसरीवर पाहुणे बसले होते, तरी सांगितलं.
दत्तोबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.