भाऊ माझा, गळा जयश्रीचा

११ एप्रिल १९९४
गेली! माझंच गाणं घेऊन, माझीच जांभळी साडी नेसून जयश्री रेकॉर्डिंगला गेली. माझी धाकटी जाऊ! सुरतेच्या या गोडादऱ्यातल्या एकेका हळदीत मी सात वर्षं गायलेलं गाणं. तिला शिकवलंही मीच. आणि कॅसेटवाला बन्सीलाल मला म्हणतो, "आवाज पतला चाहिए, बेन." माझा काय जाडा आहे?

१२ एप्रिल
पोळ्या करपल्या. करपू देत.

३ मे
कॅसेट आली. वर फोटो तिचा, साडी माझी. ऐकली. चांगली गायली, मेली! पण शेवटचं कडवं — "उखा भाऊ उना वं, मनं आंगन हासनं." म्हणे उखा आला नि अंगण हसलं! अगं, उखा माझा भाऊ! तिथं गाणारणीनं आपापल्या भावाचं नाव घालायचं असतं. तिचा तर गजेंद्र. सुरतेत वाढलेली, हिला कुठून ठाऊक! बोलले तर म्हणते, "गानामा उखाच शे ना ताई, मी कशाला बदलू?" सगळे हसले. कॅसेट ऐकायला आलेला गजेंद्रसुद्धा.
मी नाही हसले. जळफळाट झाला, दुसरं काय.

२० जून
पर्वत पाटियाच्या दुकानात तेच गाणं. रिक्षात तेच. हळदीला आता तिला हाका मारतात. मलाही बोलावतात — हळद कालवायला!

९ नोव्हेंबर
उखा गावाहून आला. वाटलं, हा तरी माझ्या बाजूचा. बसल्या बसल्या चार वेळा कॅसेट लावली त्यानं. आपलं नाव आलं की लाजायचा, गाढव. वर मलाच सांगतो, "आक्का, तुनी जाऊ भलती ग्वाड गास वं!"
सख्खा भाऊ! उठून भांडी घासायला बसले.

२ मार्च १९९५
कॅसेट खूप चालली म्हणून तेच गाणं नव्या वाद्यांवर पुन्हा भरणार आहेत, मे महिन्यात. या खेपेला मी हटूनच बसले — उखाचं नाव काढ, तुझा भाऊ घाल. "बरं ताई," म्हणाली. तोंड एवढंसं झालं तिचं. मला रात्री छान झोप लागली.

६ मे
उखाचा तेरावा करून काल परतले. कावीळ. आठ दिवसांत आटोपलं.
गेलेल्या भावाचं नाव बहीण हळदीत घेत नाही. माझ्या तोंडून ते आता कधीच निघायचं नाही.
जयश्रीचं रेकॉर्डिंग उद्या. सकाळीच तिच्या दारात गेले. म्हटलं, "ते नाव ऱ्हाऊ दे वं. तू ले. तुले चालस."